उरेल ती माय

मी एकदा माणसाला हाकलायचं ठरवलं की हाकलतेच. माझा नवरा कय्यूम म्हणतो, अंजुम, तुझ्या जिभेपायी अर्धं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. जाऊ दे ना! समोरच्याला मेलेल्या माणसाच्या फोटोला साधा सूट घालता येत नाही. कॉलर एकीकडे, मान दुसरीकडे. मी घालते तेव्हा त्याच्या बायकोलाही वाटतं, हा लग्नात असाच आला होता.

गडचिरोलीच्या बसस्टँडसमोर आमचा फोटो स्टुडिओ आहे. कय्यूम लग्नांच्या शूटिंगला फिरतो, दुकान मी बघते. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन हे सगळं पोटासाठी. जीव माझा कार्डांत. पत्त्याच्या पानाएवढं कार्ड, पाकिटात मावेल असं. त्यात मी कॉम्प्युटरवर कायकाय जोडते. माणसाचा चेहरा, मागं मोहाचं पान, आईच्या लुगड्याचा काठ, पोराच्या वहीतलं वाकडंतिकडं नाव. पान असो की काठ, स्कॅनरच्या काचेवर ठेवायचं, झाकण लावायचं, अन् मग फोटोशॉपमध्ये कापून जागच्या जागी बसवायचं. कातर नाही, डिंक नाही. कितीतरी तुकडे एकावर एक पडलेले असतात, पण बघणाऱ्याला चित्र एकच दिसतं.

माझ्या सासूला, जैनबबींना, हे काम पसंत नाही. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसतात अन् मला ऐकवतात, "कयामतच्या दिवशी तसबिरी बनवणाऱ्याले म्हणतीन, बनवली ना? आता जीव टाक तिच्यात. तवा काय करशीन?"

मी म्हणते, "अम्मी, तवाचं तवा पाहू. आज लाईट नाई गेली तं पुरे."

तर थंडीच्या सुरुवातीची गोष्ट. सकाळीच तिघं जण दुकानात शिरले. पुढं चाळिशीची बाई, सुकरी. कपाळावर अन् हनुवटीवर हिरवट गोंदणाचे ठिपके, गळ्यात मण्यांची जुनी माळ. तिच्या मागं तिचा म्हातारा बाप वारलू, डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा. अन् सगळ्यात मागं सुकरीची पोरगी करिश्मा, एकोणीस-वीस वर्षांची, हातात मोबाईल. गाव भामरागडच्याही पलीकडं, जंगलात. म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं अन् दोनच्या गाडीनं त्यांना परत निघायचं होतं.

"गिरजाबाईनं सांगतलं," सुकरी म्हणाली. "तू मेलेलं माणूस आणते म्हणे."

गिरजाबाई म्हणजे दवाखान्यातली शेजारच्या खाटेवरची. तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या फोटोला मी टाय लावून दिला होता. बिचाऱ्यानं जन्मात बनियनवर काही घातलं नव्हतं.

"मले मायचं कार्ड पायजे."

"फोटो दे."

"फोटो नाई."

"आधार कार्ड? मतदानाचं? जुनं काही?"

सुकरीला मराठी बेताचंच येत होतं, म्हणून करिश्मा मध्ये पडली. "आई रांगतही नव्हती तवाच आजी तापानं गेली. आमच्याकडं तवा फोटो काढाले येते कोण?"

"मंग मी काय आभाळातून काढू? चला, मोकळे व्हा. मले लय कामं हायेत."

करिश्मा वळली. सुकरी वळली नाही. माझ्या टेबलाला दोन्ही हात टेकवून तिनं सगळं सांगितलं, एकेक शब्द शोधत, जसा काही हिशोब तिनं घरून निघतानाच मांडून ठेवला होता.

"माया तोंडात माय हाय ना? अर्धी माय, अर्धा बाबा. बाबा तं इथीच बसला हाय. त्याले मायातून काढून टाक. उरन थे माय."

मला हसू आलं, अन् ते मध्येच अडकलं. या अल्ला, इतकी वर्षं मी जोडण्याचंच काम केलं. वजा करून माणूस काढता येईल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मंग इतके दिवस काऊन नाई आली?" मी विचारलं, जरा नरमूनच.

"बाबाले दिसत नव्हतं. मायचं तोंड त्याच्याशिवाय कोणालेच माहीत नाई. आता डोळे बनवून देल्ले, तं थो पाह्यन अन् सांगन, बरोबर हाय का नाई. थो गेला का मायचं तोंडही गेलं." ती टेबलावरून आणखी पुढं वाकली. "मले फकस्त एकदा पाहाचं हाय, बाई."

आता सांगा, हाकलू कशी?

सुकरीला पडद्यासमोर स्टुलावर बसवलं. वारलूचा चष्मा उतरवला, फ्लॅश काही मारला नाही, नवे डोळे होते त्याचे. दोघांचे चेहरे स्क्रीनवर शेजारी ठेवले अन् लागले कामाला. सुकरीचे कान बापाचे, पुसले. भुवया बापाच्या, पुसल्या. नाक तर सरळसरळ त्याचंच, बसकं अन् रुंद. तेही पुसलं. डोळे मात्र त्याचे नव्हते. हनुवटी नव्हती. वरचा ओठ मधोमध जरासा उचललेला, तोही त्याचा नव्हता.

फोटोशॉपमध्ये जिथं काहीच नसतं तिथं करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतात. सुकरीनं चेहऱ्याच्या मधोमध बोट लावलं. "हे काय?"

"इथी कोणी नाई," मी म्हटलं. "नाक कुठून आणू?"

सुकरी विचारात पडली. मग हळूच वळून आपल्या पोरीकडं बघायला लागली. मीही बघितलं. करिश्माचं नाक बारीक, शेंड्याशी किंचित वर वळलेलं.

"हे कोणाचं?" सुकरी म्हणाली. "मायं नाई. बाबाचं नाई. हिच्या बापाचं तं कोयत्यासारखं हाय."

करिश्मानं ओढणीनं नाक झाकलं. "मी काय केलं आता?"

"काई नाई केलं. बस इथी," मी म्हटलं अन् तिचाही फोटो काढला. नाक कापून त्या चौकटींवर नेलं. खरं सांगते, ओढलं नाही, ताणलं नाही. सोडलं अन् बसलं. एक बाई कधीचीच मरून गेली, अन् तिचं नाक या पोरीच्या तोंडावर गडचिरोलीच्या बाजारात फिरत होतं, कोणाला पत्ता नाही!

पुढचं काम हाताच्या सवयीनं केलं. माय म्हणजे केस पांढरे केले, डोळ्यांखाली सुरकुत्या दिल्या, कपाळ, गाल, हनुवटी साफसूफ केली. स्टुडिओतून कोणी डागाडागांचं तोंड घेऊन जात नाही. झाल्यावर स्क्रीन वारलूकडं फिरवली अन् शाबासकीची वाट बघत बसले.

म्हातारा वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग मान हलवून त्याच्या माडिया बोलीत काहीतरी म्हणाला.

"आजा म्हणते," करिश्मा म्हणाली, "हे म्हातारी कोण?"

माझं डोकंच सणकलं. "कोण म्हणजे? सकाळपासून माया डोळ्याचं पाणी झालं अन् हा म्हणते कोण? आठवते तरी का याले?"

सुकरीनं खालची पिशवी उचलली, बापाच्या हातात काठी दिली. "जाऊ दे बाई. नाई भेटत तं नाई भेटत." अन् ती हसली. त्या हसण्यानं मला जे वाटलं ते शिव्यांनीही वाटलं नसतं.

म्हातारा मात्र जागचा उठेना. त्यानं काठी करिश्माकडं केली अन् दोनच शब्द बोलला.

करिश्मानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"काय म्हणते आजा?" मी विचारलं.

"तो म्हणते... थे मायाएवढी होती."

तिघी बाया आम्ही, तिघींच्याही डोक्यात आलं नव्हतं! माय म्हटलं की आपल्यापेक्षा म्हातारी, हेच धरून बसलो होतो. अन् ती बिचारी करिश्माच्या वयात जी थांबली ती थांबलीच. सुकरी तिच्या पुढं निघून आली होती, दुप्पट आयुष्य चालून. सुकरीनं पिशवी खाली ठेवली अन् मटकन स्टुलावर बसली.

मी सगळं पुसलं. नव्यानं करिश्माचा चेहरा घेतला, कोवळा, भरल्या गालांचा. त्यात सुकरीचे डोळे बसवले, हनुवटी बसवली, तो उचललेला ओठ बसवला, अन् त्यांच्यावरची वर्षं हळूहळू काढत गेले. बाहेर दोनच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी सुकरीकडं बघितलं.

"जाऊ दे," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "मुक्कामी गाडीनं जाऊ."

या वेळी वारलूनं चष्मा आपणच उतरवला. खुर्ची सरकवत इतका जवळ आला की त्याचा श्वास काचेवर दिसायला लागला. पण मान पुन्हा हललीच, अन् त्यानं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं.

"कपाळ रिकामं हाय म्हणते," करिश्मानं सांगितलं.

गोंदण! मघाशी साफसूफ करताना मी सुकरीचे ठिपकेही डागांबरोबर पुसून टाकले होते, अन् करिश्माच्या कपाळावर तर नव्हतेच. आताच्या पोरी कुठं गोंदवतात?

"गोंदणं नाई तं तिकडं तिले कोण ओळखन?" सुकरी म्हणाली. "मेल्यावर तेवढंच तं संगं जाते. मायं घे."

वारलूनं नको म्हणून हात हलवला. तिचं वेगळं होतं. त्यानं करिश्माला जवळ बोलावलं. ती मोबाईल ठेवून त्याच्यासमोर खाली बसली. अन् त्या म्हाताऱ्यानं आपल्या जाड, भेगाळलेल्या बोटानं तिच्या कपाळावर एकेक जागा दाबून दाखवायला सुरुवात केली. भुवयांच्या मध्ये. त्याच्या वर ओळीनं. दोन्ही कानशिलांवर. मग हनुवटीच्या खळीत. कुठं थांबला नाही, कुठं चुकला नाही. इतक्या वर्षांत त्याला डोळ्यांनी दिसायचं कमी झालं असेल, बोट काही विसरलं नव्हतं. करिश्मानं डोळे मिटून घेतले होते. सुकरीच्या फोटोतला हिरवा ठिपका उचलून मी त्याच्या बोटामागोमाग माऊस नेत गेले.

शेवटी सुकरीनं गळ्यातली माळ काढली. "हे तिचीच."

मी ती स्कॅनरच्या काचेवर ठेवली. खालून उजेड सरकत गेला अन् एकेक मणी पेटून विझला. मागं सागाचं पान घातलं, गळ्यात माळ बसवली, अन् हात माऊसवरून काढून घेतले.

समोर एक पोरगी होती. ती करिश्मा नव्हती, सुकरी नव्हती. अर्धवट काहीतरी बोलायला ओठ उचललेली, आमच्याकडं बघणारी एक पोरगी. सगळे तुकडे मी माझ्या हातानं ठेवलेले, तरी मला एकाचीही कड दिसेना. मला भीती वाटली, खोटं का बोलू? अम्मींचं ते कयामतचं बोलणं आठवलं.

वारलू तिच्याशी बोलायला लागला. आमच्याशी नाही, तिच्याशी. हळू आवाजात, मध्येच थांबून, ती काही म्हणते का ते ऐकून पुन्हा बोलत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं अन् दवाखान्यानं सांगितलं होतं की डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. पण त्याला अडवणार कोण!

"काय सांगून राह्यला?" मी करिश्माला कुजबुजत विचारलं.

करिश्मानं नाक ओढलं. "सांगून राह्यला... सुकरी जगली म्हणून. मोठी झाली म्हणून."

एवढ्यात अम्मी उंबऱ्यावरून उठून आल्या, पदरात लसणाच्या साली तशाच. मी म्हटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी चष्मा नाकावर घेतला, स्क्रीनकडं बघितलं, अन् त्यांचा आवाजच बदलला. "किती गोड पोर हाय वं! कोणाची?"

"आमची," सुकरी म्हणाली. "आमच्या घरची."

मी कार्डं छापली, लॅमिनेशन केलं. गरम गरम कार्ड सुकरीनं तळहातावर घेतलं अन् अंगठा त्याच्या कडेकडेनं फिरवत राहिली, चेहऱ्याला न लावता.

"एवढीशी होती," ती म्हणाली. "अन् मी तिचा लय राग करत होती. मले टाकून गेली म्हणून. थे तं पोरगीच होती, बाई. आमच्या करिश्माले अजून भात नाई शिजवता येत."

"येते मले!" करिश्मा रडता रडता भांडली.

मुक्कामी गाडीत बसवून द्यायला मी स्वतः गेले. कोणालाच मी असं पोचवायला जात नाही. सुकरी खिडकीशी बसली. कार्ड तिनं खांद्याशी धरलं होतं, लहान पोराला धरतात तसं, पण चेहरा बाहेरच्या बाजूला करून.

"हे काय करून राह्यली?" मी खालून विचारलं.

"तिनं गडचिरोली नाई पाह्यली ना कधी."

गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. दुकानात आले तर अम्मी दारातच. "गेली का वं थे पोरगी?"

"गेली," मी म्हटलं. "खिडकीची जागा भेटली तिले."