देव्हाऱ्यातला बिल्ला

मी एक जुना बिल्ला आहे, मित्रांनो. अॅल्युमिनियमचा, बोटाच्या पेराएवढा, अंगावर आकडे कोरलेला. माझी खरी जागा म्हशीच्या कानात. पण आज मी कळंबच्या एका घरात, देव्हाऱ्यात, बिरोबाच्या टाकाशेजारी पडून आहे. देवाशेजारी जागा मिळाली म्हणून माझा हेवा मात्र करू नका.

गावच्या दूध डेअरीने जनावरांचा विमा सुरू केला, तेव्हाची ही गोष्ट. आबाजी आणि त्यांची बायको सारजा यांनी मेंढरे विकून नुकतीच एक म्हैस घेतली होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदी. घराची चूल तिच्याच दुधावर पेटायची. सारजाने तिच्या पायांवर पाणी घातले, कुंकू लावले, आणि तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरांनी चिमट्याने मला तिच्या कानात बसवले.

"हा कानातच राहिला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "म्हैस मेली तर बिल्ल्यासकट कान दाखवायचा. तरच विम्याचे पैसे मिळतील."

सारजाने कुंकवाचे ताट मागे घेतले. "आत्ता कुठं दारात आली, आन् हे मरणाचं बोलत्यात," ती पुटपुटली.

तेव्हापासून ती माझ्याकडे बघेनाशी झाली. खरे सांगतो, भीती मलाही वाटायची. माझे काम चांदीच्या मरणानंतरच सुरू होणार होते. असल्या कामाची वाट कोण बघेल? तिच्या कानाची ऊब मला लागायची, वैरणीचा वास यायचा. देवा, मला कधीच कामाला लावू नकोस, एवढेच मी म्हणायचो.

पावसाळ्यात माझ्यामुळे चांदीचा कान चिघळला. सारजाचा संशय पक्का झाला. तिने लोकर कातरायची जुनी कातर आणली आणि मला उचकटून काढले. फेकून द्यायचा मात्र तिला धीर होईना. हळदीच्या पाण्याने धुऊन तिने मला देवापुढे ठेवले आणि देवाबरोबर मलाही रोज कुंकू लावू लागली.

"आता इमा देवाच्या हातात," ती म्हणाली. आबाजींना ते दिसले, पण त्यांनीही डॉक्टरांना कळवले नाही. मरणाची गोष्ट त्यांनाही दारात नकोच होती.

पुढच्या वर्षी जनावरांत घटसर्पाची साथ आली. एका सकाळी चांदी उठेना. गळा सुजला, श्वास घरघरू लागला. भिंतीपलीकडून ती घरघर मला ऐकू येत होती आणि मी टाकाला चिकटून बसलो होतो. एकाएकी आबाजींनी मला उचलले.

"सारजे, कान धर. डाक्टर यायच्या आत अडकवतो."

जुने छिद्र कधीच बुजले होते. नवे पाडावे लागणार होते. माझे टोक कानाला टेकले, तशी चांदीने डोळे वर केले. मित्रांनो, तेव्हाइतका मी कधीच घाबरलो नाही.

सारजाने नवऱ्याचा हात धरला. "नगा. जीव जातोय तिचा. आता आजून दुखवू नगा."

डॉक्टर आले, सुई टोचली, पण उशीर झाला होता. दुपारी चांदी गेली. डॉक्टरांनी तिचा कान बघितला, मग आबाजींच्या मुठीतल्या, कुंकवाने माखलेल्या मला पाहिले.

"बिल्ला कानात नाही. आता विमा मिळायचा नाही, आबाजी. कान चिघळला तेव्हाच मला सांगायचे. दुसऱ्या कानात नवा बसवला असता."

"देवापाशी ठिवला हुता, सायेब," सारजा म्हणाली. "देव काय खोटं बोलंल व्हय?"

डॉक्टरांनी आपली बॅग आवरली.

त्या दिवसापासून घरातला चहा कोरा झाला. आबाजी दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायला जाऊ लागले. चांदीच्या मागे राहिलेली वगार, म्हणजे तिची पारडी, सारजाने जिवापाड जपली. ती मोठी होऊन व्याली, तेव्हा डॉक्टर नवा बिल्ला घेऊन आले. या वेळी कान सारजानेच धरला.

"बसवा," ती म्हणाली. "पर ते दुसरं हिच्या म्होरं बोलू नगा, सायेब. आमाला ठावं हाय."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि चिमटा दाबला.

मित्रांनो, एखाद्या गोष्टीची भीती वाटली तर ती झाकून ठेवू नका, जाणत्याला विचारा. आणि जाणत्यांनो, भ्यालेल्या माणसाशी जरा जपून बोला.

सारजा आजही दिवा लावण्याआधी गोठ्यात जाऊन चांदीच्या लेकीचा कान चाचपते. बिल्ला हाताला लागला, की मग येऊन मला कुंकू लावते. गोठ्यातल्या त्या बिल्ल्याला कधीच काम पडू नये, एवढेच मी शेजारच्या देवाला रोज सांगतो.