फळ्यावरचा एक नंबर

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि माझ्या अंगावरून एक भलतीच चूक होऊन गेली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण आधी मी कोण, कुठला, ते सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा काळतोंड्या आला कुठून?

माझा जन्म आंधळगावचा. तिथल्या सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडून मला घडवलं, कोळशाच्या पुडीने काळं केलं आणि बैलगाडीत घालून शाळेत पोहोचवलं. शाळेत माझी एकतीस वर्षं गेली. केशवराव गुरुजी माझ्यावर लिहीत. त्यांचं अक्षर इतकं गोल होतं, की त्यांनी 'ळ' काढला की मला गुदगुल्या व्हायच्या. वार्षिक परीक्षा झाली की ते माझ्यावर नंबर लिहीत. पहिला नंबर सगळ्यात वर, ठळक. ज्या पोराचं नाव तिथे असे, त्याची आई दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून शाळेच्या दारात यायची आणि मला डोळे भरून पाहून जायची. तिला वाचता येत नसलं, तरी सगळ्यात वरची ओळ कळायची.

मग शाळेत हिरवे गुळगुळीत फळे आले. मला व्हरांड्यात मोडक्या बाकांच्या मागे टाकलं. दोन पावसाळे मी तिथेच होतो. एका कोपऱ्यात मी चिरलो तो तेव्हाच. शेळ्या येऊन माझ्यावर पाठ खाजवायच्या. वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

गुरुजी निवृत्त होऊन साकोलीला लेकीकडे राहायला गेले. तिथे हमरस्त्यावर त्यांचा जुना विद्यार्थी मधुकरराव हॉटेल चालवत होता. एक दिवस गुरुजी टेम्पो घेऊन आले, मला उचललं आणि थेट त्या हॉटेलात नेऊन उभं केलं.

"मधुकर, भिंत उघडी दिसते तुझी," ते म्हणाले. "याले लाव. अजून बरेच दिवस कामाचा आहे हा."

असा मी शाळेतून हॉटेलात आलो. हॉटेलला काहीतरी मोठं नाव होतं, पण सगळे त्याला ताराबाईचं हॉटेलच म्हणत, कारण भट्टीपाशी मधुकररावांची बायको ताराबाई उभी असे. रोज सकाळी मधुकरराव माझ्यावर लिहीत: आलूबोंडा रस्सा, मुगवडे, पोहा, कढी. ताराबाई कढईतलं तेल रोज बदलायची, आणि रस्सा संपला की संपला. पाणी घालून वाढवणं तिला ठाऊक नव्हतं. माणूस खाऊन उठायचा, हात धुता धुता म्हणायचा, "एक नंबर, भाऊ." आमच्याकडे याच्यापुढे कौतुक नाही. दोन नंबर म्हणजे बनावट माल आणि पाचवा नंबर म्हणजे बोलायचंच काम नाही.

आमच्याकडे चर्चाही फार व्हायची. कापड दुकानवाले भय्याजी आणि निवृत्त नर्स सुलोचनाबाई, हे दोघं समोरासमोर बसले की आलूबोंडे थंड होत. विषय ठरलेला: आपल्या साकोलीचं काय होऊन राहिलं?

"धड बसून खायले एक जागा नाही राहिली गावात," भय्याजी म्हणायचे. "जिकडं पाहा तिकडं नूडल. एक दिवस पोह्यातही सॉस टाकून देतीन."

"गाव कायले म्हणता? शहर म्हणा, शहर," सुलोचनाबाई म्हणायच्या. "आन् शहराचं बोलता, तर तुमच्या दुकानातले खोके रोज नालीत कोण फेकते, ते सांगा पहिले."

गुरुजी कोपऱ्यात बसून दोघांचं ऐकायचे आणि हसायचे. अशी बरीच वर्षं गेली. त्या वर्षांत मी सुखी होतो.

मग उड्डाणपूल झाला. गाड्या डोक्यावरून जाऊ लागल्या आणि आमचं हॉटेल पुलाखालच्या रस्त्यावर राहून गेलं. आता खाली उतरणारा माणूस आधी मोबाईल पाहतो, कुठे चांगलं मिळतं ते त्यात शोधतो आणि मगच गाडी वळवतो. मधुकररावांची सून मोनिका हुशार. तिने आमचं हॉटेल मोबाईलच्या नकाशात टाकलं, काउंटरवर चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवला आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, आंधळगावला गेली. जाताना सांगून गेली, "मामाजी, ज्याले आवडलं त्याले म्हणा, तो कागद मोबाईलनं पाहून आपल्या हॉटेलले स्टार द्या."

मधुकररावांकडे साधा बटणांचा फोन. स्टार म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या परीने समजून घेतलं. त्यांनी माझा खालचा अर्धा भाग ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला, नवा खडू घेतला आणि जपून लिहिलं: "जेवण आवडले असल्यास मोबाईलवर एक नंबर द्यावा. आपला नम्र, मधुकर."

मित्रांनो, खरं सांगतो, मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट माझी छाती फुगली. शाळेनंतर इतक्या वर्षांनी माझ्यावर पुन्हा पहिला नंबर आला होता. लोकांनीही मान राखला. खाऊन उठलेला प्रत्येक जण काउंटरपाशी जाऊन मोबाईलवर बोट टेकवायचा आणि मधुकररावांना सांगायचा, "देला बरं, एक नंबर." गुरुजींनी तर चष्मा पुसून, चांगली दहा मिनिटं लावून काहीतरी लिहिलं. मधुकरराव सगळ्यांपुढे हात जोडायचे.

आणि गिऱ्हाईक कमी होऊ लागलं.

आधी नागझिऱ्याच्या जंगलात जाणाऱ्या गाड्या थांबेनात. मग सहलीच्या बसवाल्याने कळवलं, की पार्टीला तुमचं नाव सांगितलं तर ते मोबाईल दाखवून नको म्हणतात. गाड्या आमच्या दारावरून पुढे जायच्या आणि वळणावर चंद्रकुमारच्या नव्या एसी रेस्टॉरंटपाशी थांबायच्या. त्याने दारावर हा मोठा फलक लावला होता: साकोलीचे पाच तारे. ताराबाईचा रस्सा संध्याकाळी उरू लागला. श्रावणात केशवराव गुरुजी गेले. त्यांची कोपऱ्यातली खुर्ची तशीच राहिली आणि हॉटेल आणखी रिकामं दिसू लागलं.

पोळा झाल्यावरच्या रविवारी सकाळी नेहमीची मंडळी जमली. मोनिकाही चार महिन्यांच्या लेकीला घेऊन परत आली होती. भय्याजी रस्त्यावरच्या धुळीवर बोलत होते. तेवढ्यात मधुकरराव पुढे आले आणि म्हणाले, "भय्याजी, एक सांगाचं होतं. एक तारखेपासून हॉटेल बंद करून राहिलो. इथं मोबाईलचं दुकान येनार आहे."

भय्याजींचा कप ओठाशी तसाच राहिला. सुलोचनाबाई नुसत्या ताराबाईकडे पाहत राहिल्या. मला पाय नाहीत, नाहीतर माझ्या पायाखालची वाळू सरकली असती. मोबाईलच्या दुकानात फळ्याचं काय काम? पण त्या क्षणी मला माझ्यापेक्षा ताराबाईची काळजी वाटली. ती भट्टीपाशी पाठमोरी उभी होती आणि कढई पुसत होती. ती कढई पुसून झालेली होती.

"काहून बंद?" भय्याजींनी विचारलं.

मोनिकाने मोबाईल पुढे केला. "पाहा ना. आपल्या हॉटेलले पाचपैकी एक पूर्णांक एक. अख्ख्या साकोलीत सगळ्यात खाली. मी माहेरीच आकडा पाहून धसकली. खालचं वाचाची हिंमतच नाही झाली."

भय्याजी उठून उभे राहिले. त्यांच्या मते हे काम कोणाचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. "त्या चंद्रकुमारचं. आपली मानसं लावून त्यानं बदनामी केली. गावाची काय हालत झाली पाहा, एका हॉटेलवाल्यानं दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यावा." त्यांनी तिथूनच चंद्रकुमारला फोन लावला. तो पाच मिनिटांत गाडीवरून आला. तरुण, इस्त्रीच्या शर्टातला, घाबरलेला.

"मी कायले करू, भय्याजी?" तो म्हणाला. "दर मंगळवारी मी इथं येऊन आलूबोंडा खातो. काकूले विचारा."

ताराबाईने मान हलवली. ते खरं होतं.

"मोनिका, तू वाच," सुलोचनाबाई म्हणाल्या. "एकेक नाव घे. कोनं कोनं एक देला, ते समजू दे."

मोनिकाने पहिलं नाव वाचलं. ते भय्याजींचं होतं. 'एक स्टार. आलूबोंडा खावा तर इथंच. ताराबाईच्या हाताची सर कोणाले नाही.'

दुसरं सुलोचनाबाईंचं. 'एक स्टार. कढी माझ्या आईसारखी.' तिसरं नाव स्टँडवरच्या कंडक्टरचं, चौथं बँकेतल्या शिपायाचं. एक स्टार, एक स्टार, आणि खाली नुसतं कौतुक. मोनिकाचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"हाव, म्या देला ना एक नंबर," भय्याजी गोंधळून म्हणाले. "सगळ्यात चांगलं म्हणून देला. दोन नंबर देनार होतो काय?"

"भय्याजी, इथं पाच म्हंजे सगळ्यात चांगलं," मोनिका म्हणाली. "एक म्हंजे सगळ्यात खराब."

सगळ्यांच्या माना वळल्या आणि माझ्यावर येऊन थांबल्या. सहा महिने रोज सकाळी माझा वरचा भाग पुसला गेला, पण ती खालची ओळ कोणी पुसली नव्हती. ती तिथेच होती, जपून लिहिलेली, आपला नम्र मधुकर. मित्रांनो, व्हरांड्यात शेळ्या पाठ खाजवायच्या तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती.

"म्हंजे आमीच बंद पाडलं," सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या. मधुकरराव खुर्चीचा आधार घेऊन खाली बसले.

चंद्रकुमारला मात्र हसू आवरेना. "मले चोर ठरवून राहिले होते," तो म्हणाला. "आता माझंही वाचून दाखव वहिनी. मी तर नुसते तारेच पाहिले."

मोनिकाने त्याचं पान उघडलं, थोडं वाचलं आणि मोबाईल खाली घेतला. त्याने आग्रह केला तेव्हा तिला वाचावं लागलं. 'पाच स्टार. पनीर रबरासारखं.' 'पाच स्टार. तेलाचा वास. पाचव्या नंबराचं जेवण.' त्यातलं एक भय्याजींचंच होतं.

चंद्रकुमारचा चेहरा खर्रकन उतरला. सहा महिने तो त्या तार्‍यांच्या फलकाखालून ऐटीत येत-जात होता. गाड्यावाले आकडा पाहून थांबत होते. गावातलं मात्र त्याच्याकडे दुसऱ्यांदा कोणी गेलं नव्हतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. "म्हंजे कोनालेच आवडत नाही माझ्याकडचं?" त्याने विचारलं. भय्याजी टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे बघत बसले.

तेवढ्यात ताराबाई भट्टीपासून पुढे आली. "तू तेल कधी बदलवते?" तिने विचारलं.

"तिसऱ्या दिवशी, काकू."

"उद्या सकाळी ये इकडं. आपन पाहू." मग ती भय्याजींकडे वळली. ते घाईघाईने मोबाईल काढून चंद्रकुमारचे पाचाचे एक करायला निघाले होते. "थांबा जी. आधी महिनाभरानं त्याच्याकडं पुन्हा जेवून या. मंग बोट लावा."

पुढचे तीन आठवडे साकोलीत आमच्याच हॉटेलची चर्चा होती. मोनिकाने नावांची यादी केली आणि भय्याजी ती घेऊन घरोघर फिरले. कोणाचा मोबाईल बिघडलेला, कोणी नागपूरला गेलेला, पण त्यांनी एकेकाला गाठलं. मोबाईलच्या दुकानवाल्याला मधुकररावांनी नाही म्हणून कळवलं. आता रोज दोन-चार गाड्या पुलावरून खाली उतरतात. चंद्रकुमारने आपला फलक स्वतःच काढला, आणि तेलही रोज बदलतो असं ऐकतो.

सगळ्या एकांचे पाच करून झाले. फक्त एक राहिला.

"हा केशवराव गुरुजींचा आहे, मामाजी," मोनिका म्हणाली. "ते तर राहिले नाही. पन कंपनीले लिहून हा काढून टाकता येते. लिहू काय?"

"काय लिहिलं त्यायनं?" मधुकररावांनी विचारलं.

मोनिकाने वाचलं. 'मधुकरला पहिला नंबर. वर्गात द्यायचा राहून गेला होता.'

मधुकरराव बराच वेळ माझ्याकडे तोंड करून उभे होते. बाकीच्यांना वाटलं, ते उद्याचे पदार्थ ठरवत आहेत. त्यांचे डोळे भरले होते, ते फक्त मलाच दिसलं. मग ते म्हणाले, "चौथीत बत्तीस पोरं होतो आमी. माझा एकतिसावा होता. राहू दे तो."

तो आहे, अजून तिथेच आहे. म्हणून मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुम्ही या बाजूला आलात, मोबाईलवर आमचं हॉटेल पाहिलंत आणि त्यात एक तारा एकटाच दिसला, तर नाक मुरडून पुलावरून पुढे जाऊ नका. त्याच्याखाली एका म्हाताऱ्या मास्तरांनी दहा मिनिटं लावून दोन ओळी लिहिल्या आहेत. त्या वाचा आणि मग खाली उतरा.