सहावा आकडा मंद का पेटला?

मित्रांनो, मी हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तीन पायांचा, एका बाजूने चपटा असा जुना ट्रान्झिस्टर आहे. देवासला विनोदिनीताईंकडे एकाच सर्किटच्या पाटीवर जोडलेला जुना संगणक आहे. चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजातली मुले त्यावर शिकत. पुढे तो भंगारात निघाला, तेव्हा ताईंनी मागून घरी आणला. त्यावर सहा लाल आकडे उमटतात. सहावा पेटवण्याचे काम माझे.

यंदा ताईंची भाची आरोही हिने त्याची हुबेहूब प्रतिकृती बनवली. आज धारला विज्ञान प्रदर्शन होते. नऊला गाडी निघणार होती. साडेआठ झाले, तरी प्रतिकृतीचा सहावा आकडा अगदी मंदच पेटत होता.

“आत्या, पाच ट्रान्झिस्टर तुझ्या डब्यातले, ते मस्त चालतायत. हा एकच नवा घेतला आणि दुकानवाल्या भियाने खराब माल गळ्यात मारला!” आमच्याकडे भावाला ‘भिया’ म्हणतात.

“दुसरा आण.”

“दुकान अकराला उघडतं गं.” आरोहीची नजर माझ्यावर आली. “जुन्यातला काढू? आल्यावर परत लावते, पक्का.”

ताईंनी सोल्डरिंगची तापलेली कांडी तिच्या हाती दिली. “काढ. पण आच जपून दे.”

कथील वितळले. माझा एक पाय सुटला. दुसरा सुटेना. आरोहीने तापलेले टोक तसेच दाबून धरले. उष्णता माझ्या पोटात चढू लागली. थोडी आच आम्ही सोसतो. फार वेळ नाही.

“थांब! उचल ते!” ताई प्रतिकृतीकडे पाहत होत्या. “हा नवा मेला असता, तर एवढाही पेटला नसता. ह्याचे पाय मीटरवर तपासलेस?”

“त्यात काय तपासायचं? जुन्यासारखाच दिसतो. चपटी बाजू तशीच ठेवली.”

ताईंनी मीटर लावला. “दिसायला सारखा, पण पायांचा क्रम उलटा आहे. तू त्याला पाठमोरा उभा केलास.”

आरोहीने नव्याला काढले, फिरवून बसवले. आकडा लखलखला.

“आणि मी त्या बिचाऱ्या भियाला शिव्या घातल्या!”

“येताना सॉरी म्हण. चल, गाडी आली.”

ती गेल्यावर ताईंनी माझा सुटलेला पाय पुन्हा जोडला. मग बटण दाबले. पाच आकडे उमटले. मग सहावा.

मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही. कोणी मंद पेटत असेल, तर त्याला खराब ठरवण्याआधी आपण त्याला कसे उभे केले आहे, ते तपासा. आणि त्याच्यासाठी चालत्याला उखडण्याआधी तर नक्कीच तपासा.