माळावरचा ससा आणि पोळ्याचा मान

वाटूरपासून सहा किलोमीटरवरच्या एका गावात पोळ्याचा पहिला मान कोणाचा, हा प्रश्न यंदा सशांनी सोडवला. निदान तसं ठरलं तरी होतं.

कारभारी आणि कल्याण हे चुलतभाऊ. वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी आपलीच जायला पाहिजे, असं दोघांचंही म्हणणं. गेल्या पोळ्याला दोघं असे अडून बसले, की गावचे सगळे बैल अंधार पडेपर्यंत वेशीत उभे होते.

जुलैत विद्यापीठातून निवेदिता ही संशोधक आली. माळावरचे रानससे आणि खाली काळ्या रानातले रानससे एकाच जातीचे, की दोन जवळच्या जातींचे, हे तिला तपासायचं होतं.

"नुसतं पाहून कळत नाही," ती पारावर म्हणाली. "पण लेंडीला सशाच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यांतून डीएनए काढला की जात कळते."

कारभारीचं शेत माळाला लागून, कल्याणचं खाली.

"त्यात काय तपासायचं?" कारभारी म्हणाला. "माह्याकडचं जनावर बिलकुल वेगळं हाय. चाळीस वर्सं पाहून राह्यलो."

"चाळीस वर्सं त्याचं बूड पाह्यलं तुमी, दादा," कल्याण म्हणाला. "तोंड दाखवाया थांबला का कधी?"

माजी सरपंच रामप्रसाद यांनी तिथेच निवाडा केला. "कारभारीचं जनावर वेगळं निघालं, तर पोळ्याला कारभारीचं जनावर पुढं. न्हाई निघालं, तर कल्याणचं. बास."

पारावर दिलेला शब्द या गावात मोडत नाहीत. दोघांनी मारुतीच्या पायरीला हात लावला.

निवेदिताने दोघांना एकेक कागदी पाकीट दिलं. सकाळच्या ताज्या वीस लेंड्या, चिमट्याने उचललेल्या, न धुतलेल्या. कारभारीने तीनदा मोजून वीस आणल्या आणि पाकीट चिकटवायला बायकोकडे, द्वारकाबाईंकडे दिलं.

पोळ्याच्या चार दिवस आधी निवेदिताचा फोन आला. कारभारीने तो पारावर, सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"काका, तुमच्या पाकिटात दोन जाती सापडल्या. पण त्यातली एक..."

पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही, कारण कारभारी ओरडत होता. त्याने बैलांना नव्या झुली आणल्या, हलगीवाले ठरवले, आष्टीच्या बाजारात ओळखीच्या आणि अनोळखी माणसांना थांबवून नव्या सशाची माहिती दिली. या गडबडीत निवेदिताचे अकरा फोन त्याने उचलले नाहीत. शेवटी पोळ्याच्या दिवशी दुपारी ती स्वतःच कागद घेऊन वेशीत आली.

"दोन्हीकडचे ससे एकाच जातीचे आहेत," ती म्हणाली. "काका, तुमच्या पाकिटातली दुसरी जात शेळी आहे."

हलगी थांबली.

"शेळी कुठून आली?" कारभारीने विचारलं.

"मीच टाकल्या मूठभर, आपल्या शेळीच्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "एवढ्या लांबून पोरगी आल्ती. तिला काय मापाला माप द्यायचं? ज्वारी देताना वरची मूठ टाकतो का न्हाई?"

"काकू, मला वीसच हव्या होत्या."

"वीस व्हत्याच की, बाई. ही वरची मूठ."

"दादा," कल्याण म्हणाला, "तुमच्या सशाला शिंगं बी आली असतील. जरा चाचपून पाहा."

त्याने आपले बैल पुढे काढले. कारभारी चिंचेखाली जाऊन बसला. तेव्हा द्वारकाबाई रामप्रसादांसमोर उभ्या राहिल्या.

"भावजी, पारावर काय बोल्लात? ससा म्हणलात का जनावर?"

रामप्रसादांनी आठवून पाहिलं. "जनावर."

"शेळी आमचीच हाय. मंग?"

रामप्रसाद निवेदिताकडे वळले. "मॅडम, शेळी सशाहून वेगळी?"

"हो. पूर्ण वेगळी."

"कागदावर तसं हाय?"

"आहे, पण..."

"मंग झालं. शब्द म्हंजे शब्द."

कल्याणने बराच वेळ हरकत घेतली, पण मारुतीच्या पायरीला हात त्यानेही लावला होता. घरून शेळी आणली, बैलाची झूल चार घड्या घालून तिच्या पाठीवर बांधली, शिंगांना बेगड लावली. कारभारी खाली मान घालून दोरी धरून निघाला. मागे हलगी, त्यामागे कल्याणची जोडी.

तोरणाखाली मानाच्या बैलाने नुसतं जायचं असतं. शेळी थांबली, मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि आंब्याची पानं खाऊ लागली. चौथ्या डहाळीला तोरणाचा दोर तुटला. पोळा फुटला. सगळे बैल एकदम धावले.

धूळ बसल्यावर शेळी पारावर चढलेली दिसली, तोंडात अर्धं तोरण. शेजारी कारभारी उभा होता, आता ताठ मानेने.

"चाळीस वर्सं सांगून राह्यलो," तो निवेदिताला म्हणाला. "माह्याकडचं जनावर वेगळं हाय."