यमूच्या टेकाडाचं कुंपण

"नत्थू, बकऱ्या हाकल बायेर. किती खेपा सांगू गा तुले?"

धोंडबा काठी उगारूनच टेकाडावर धावला. नत्थूच्या बकऱ्या बोरीच्या काट्यांचं कुंपण वाकवून आत घुसल्या होत्या.

"काहून एवढा तापून राहिला गा?" नत्थू म्हणाला. "आजवर सारं गाव इथंच ढोरं चारत होतं."

"चारत होतं. आता नाही. नागपूरच्या मास्तरनं सांगतलं ना."

रामटेकच्या धानाच्या बांध्यांवरचं हे मुरमाड टेकाड. नांगर लागत नाही, विहीर लागत नाही. धोंडबाची चार वर्षांची यमू तापानं गेली, तिला इथंच पुरलं. पुढच्या भादव्यात तिथं बोटभर उंचीची जांभळी फुलं उठली. अहो, उठत तर ती आधीपासूनच होती, पण आईबापाला हे कोण सांगणार? तिची माय पार्वतीबाई दरसाल तिथं जाऊन बसायची, फुलांशी बोलायची. गाव तिला कधी हसलं नाही, एवढं गावाचं चांगलं.

शहात्तर साली नागपूरच्या कॉलेजातले कृष्णकांत मास्तर भिंग घेऊन आले आणि त्या फुलांपुढं गुडघ्यांवर बसले. "या पट्ट्याबाहेर हे फूल कुठंच नाही, धोंडबा. इथंही पन्नासेक रोपं. ढोरं येऊ देऊ नकोस."

यमूला ताप चढला तेव्हा बैलगाडी मिळेस्तोवर उशीर झाला, हे धोंडबाच्या जिवाला लागून होतं. आता लेकीसाठी करण्यासारखं काहीतरी हाती आलं. त्यानं कुंपण घातलं, घरच्या गाईही आत सोडल्या नाहीत, निम्म्या गावाशी वाकडं घेतलं.

पहिल्या साली फुलं कमी आली. दुसऱ्या साली सातच. गवत मात्र कमरेला लागलं. "कोनी तरी चोरून चारून राहिलं," म्हणत त्यानं कुंपण आणखी उंच केलं.

तिसऱ्या भादव्यात मास्तर आले. दोन्ही हातांनी गवत फाकवत बराच वेळ फिरले, एकही फूल दिसलं नाही, तसे खाली बसले.

"चूक माझी झाली, धोंडबा. ढोरं गवत खात होती, म्हणून या फुलाला ऊन मिळत होतं. मीच ती बंद करवली."

"आता सोडतो ना ढोरं, साहेब. आत्ताच सोडतो."

"सोड," मास्तर म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

धोंडबानं उघड्या हातांनी कुंपणाच्या काट्या उपटल्या. रक्ताळल्या हातांनी नत्थूच्या दारी गेला. "बकऱ्या ने गा टेकाडावर. पाया पडतो तुया." नत्थू उठला आणि बकऱ्या सोडायला गेला.

वर्षभरात बकऱ्यांनी टेकाड पार तासून काढलं. भादवा आला. धोंडबा सकाळीच जाऊन ओल्या मुरमावर रांगत फिरला. जांभळं काही दिसलं नाही. घरी आला तेव्हा पार्वतीबाई चुलीपाशी भाकर भाजत होती.

"भेटली का यमू?" तिनं विचारलं.

"भेटली," तो भिंतीकडे पाहत म्हणाला. "चार-पाच फुलं आले. तू नोको जाऊ वं, लय घसरण झाली हाये."

तिनं भाकर उलटली.

"मी कालच जाऊन आली," ती म्हणाली. "हात धुवा, जेवाले बसा."