उपजलं हुतं

चौथ्या दिवशी न्यागोंद्वे म्हातारीनं सुनेच्या हातात कुदळ दिली. आमची मक्याची रानं लागूनच, त्यामुळं सारं माझ्या कानावर पडलं.

“आत्ती, अजून रगत थांबलं न्हाई,” तिवोंगे म्हणाली.

“पोट पडलं म्हून कुणी घरात बसत न्हाई. कुणी मेलं असतं तर गावच बसलं असतं.”

ते खरंच. गावात मयत झालं की आमच्याकडं रानात कुणी कुदळ उचलत नाही. पण तिवोंगेचं पोर नऊ महिने भरून आलं आणि रडलंच नाही. म्हाताऱ्या बायांनीच त्याला ओढ्याकाठच्या ओल्या मातीत पुरलं. पुरुष गेले नाहीत, नाव ठेवलं नाही, रडायला बंदी. नवरा जोहान्सबर्गला खाणीवर. माहेरी जावं, तर तिथंही हेच म्हणणार, पोटच पडलंय, परत जा.

चिखल घोट्याला धरत होता. तिवोंगे वाकली की छातीवरचं फडकं दुधानं भिजायचं.

तेवढ्यात बांधाला सायकल टेकवून दवाखान्याची लुसुंगू आली. ती घरोघर जन्म-मरणं लिहून घेत फिरायची.

“औंदा घरात कुणी जन्मलं?”

“न्हाई,” म्हातारी म्हणाली.

“कुणी गेलं?”

“न्हाई.”

तिवोंगे ताठ झाली. “जन्मलं न्हाई, मेलं न्हाई. मग आत्ती, हे दूध कुणासाठी वाहतंय? केस हुते त्याला. नखं हुती.”

लुसुंगूनं हातातला कागद खाली केला. “वैनी, भरल्या दिसांच्या पोराला पडलं म्हणत न्हाईत. त्याला वायला शब्द हाय. उपजत मृत.”

“पुन्हा म्हण.”

“उपजत मृत.”

“म्हंजी उपजलं हुतं.”

“उपजलं हुतं.”

तिवोंगे मटकन सरीत बसली आणि मोठ्यानं रडली. चार दिवसांत पहिल्यांदाच. मला वाटलं, आता म्हातारी तोंड सोडणार. पण लुसुंगूनं कागदावर लिहिलं आणि सायकलकडं निघाली, तशी म्हातारी तिच्या मागं गेली.

“पोरी, जुनी लिवत्यात का?”

“किती जुनी?”

“माझ्या लेकाच्या आधीची. दोन.”

लुसुंगू कागदाकडं बघत राहिली. “औंदाचीच लिवायची असत्यात, आजी.”

“बरं.”

म्हातारी परत आली. सुनेला घरी जा म्हणाली नाही, की उठ म्हणाली नाही. शेजारी पडलेली कुदळ तिनं उचलली आणि सुनेची सरी खणायला लागली.