लावा की तित्तर

कातळाच्या सड्यावर, गावामागच्या उघड्या पठारावर, गवतात लावाही बसतो आणि तित्तरही, पण बंदुकीसमोर दोघांची वागणूक अगदी वेगळी. तित्तराला माणसाची चाहूल लागली की तो आधी पळतो आणि मग फडफडत उंच उठतो. लावा आकाराने लहान, पण हट्टाने मोठा. पाय अंगावर पडेपर्यंत हलायचा नाही, आणि उडाला की भुर्रकन गुडघ्याइतक्या उंचीवरून सुटायचा. म्हणून महिपतचा एकच नियम होता. 'तित्तर' अशी आरोळी आली तरच बार काढायचा. 'लावा' म्हटलं की नळी जमिनीकडे, कारण समोर गवतात आपलीच माणसं असतात.

गावात परवान्याची बंदूक एकट्या महिपतकडे होती. गवत झोडपत पुढे चालायचं आणि पाखरू ओळखून आरोळी द्यायची, हे काम आत्मारामचं.

१९३१ सालच्या दिवाळीनंतर आत्मारामचा मेहुणा हरिश्चंद्र मांडवीहून सासुरवाडीला आला होता, बायकोला घेऊन. बायको म्हणजे आत्मारामची धाकटी बहीण सोनूबाई. हरिश्चंद्र आगबोटीवर खलाशी होता आणि लवकरच पुन्हा बोटीवर चढणार होता. जावयाला रानातलं मटण खिलवतो, अशी फुशारकी आत्मारामने मारून ठेवली होती. सकाळ सरली तरी हाती पीसही लागलं नाही. हरिश्चंद्र पलीकडून गवत झोडपत येत होता. तो थट्टेने म्हणाला, "आत्माराम, आज कुळथाचं पिठलंच दिसतंय."

थट्टा साधीच होती, पण आत्मारामला ती झोंबली. तेवढ्यात त्याच्या पायाशी पाखरू उडालं. लावाच होता, आंधळ्यानेही ओळखला असता. आत्माराम ओरडला, "तित्तर!"

महिपतच्या डोळ्यांवर ऊन होतं. शब्दावर भरवसा ठेवून त्याने बार काढला. लावा पडला, आणि कातळावरून उसळलेला छर्रा लागून पलीकडे हरिश्चंद्र डोळा धरून खाली बसला. महिपत तिकडे धावला. आत्मारामने मात्र आधी लावा उचलून करवंदीच्या जाळीत फेकला. माणूस कळवळत असताना आपल्याला हेच कसं सुचलं, याची त्याला पुढे रोज लाज वाटली.

डोळा गेला आणि बोटीवरची नोकरीही गेली. हरिश्चंद्र मांडवीला लोकांची जाळी दुरुस्त करत बसू लागला. माझीच नळी खाली आली, म्हणत महिपतने बंदूक सरकारजमा केली. अधूनमधून तो तांदळाचं गाठोडं घेऊन मांडवीला जायचा. सोनूबाई गाठोडं रस्त्यावर ठेवून द्यायची आणि त्याच्या तोंडावर दार लावायची. भाऊ आला की मात्र तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात पडे.

अखेर एकदा, सोनूबाई चुलीपाशी असताना, आत्माराम मेहुण्याजवळ हळूच बोलला. "भावोजी, त्या दिवशी तित्तर नव्हता."

"ठाव हाय," जाळ्यावरून नजर न काढता हरिश्चंद्र म्हणाला. "पंखांचा आवाज ऐकला व्हता मी."

"मग बोललात का नाय?"

"सोनूला कुनावर तरी राग धरायचाच व्हता. महिपत परका, त्याला झेपंल. तुझ्यावर धरला असता तर तिचं म्हायार तुटलं असतं. तुझ्याबिगर तिला हाय कोन?"

याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आत्मारामला वाटलं. इतक्यात बाहेरून महिपतची हाक आली. सोनूबाई हात पुसत कडी लावायला उठली.

"सोनू, त्यांना आत घे," आत्माराम म्हणाला. "मी लावा बघून तित्तर म्हटलं. मुद्दाम म्हटलं."

हरिश्चंद्रने उरलेला डोळा मिटून घेतला. सोनूबाईने दार सताड उघडलं. "महिपतदादा, आत या," ती म्हणाली, आणि आत्माराम बाहेर पडेपर्यंत दार धरून उभी राहिली.